डिस्को यती: एवढा मोठा इफेक्ट बंद पडला आणि तसाच का राहिला

फ्लोरिडात डिस्नेचं ॲनिमल किंगडम नावाचं पार्क आहे, तिथे एक्स्पिडिशन एव्हरेस्ट हा रोलरकोस्टर ७ एप्रिल २००६ ला अधिकृतपणे सुरू झाला. त्याच्या शेवटच्या गुहेत एक प्रचंड यती बसवलाय. तो बनवला होता गाडीवर झडप घालायला, म्हणजे खरोखर पुढे सरकायचं, हात खाली आणायचा आणि लोकांची बोबडी वळवायची. पण पहिल्या एकदोन वर्षांतच तो थांबला आणि तेव्हापासून एकाच पोझमध्ये उभा आहे, त्याच्यावर फक्त लाइट झपझप लुकलुकतात, म्हणून शौकीन मंडळी त्याला डिस्को यती म्हणतात.

राइडमधले इफेक्ट का बंद पडतात हा विषय निघाला की पहिलं नाव याचंच येतं आणि उत्तरही ठरलेलं असतं, की कंपनी कंजूष आहे, मेन्टेनन्सला पैसे सोडत नाही, विषय संपला. मला ते उत्तर अर्धंच वाटतं. पैसा कारणात आहेच, पण पैसा कुठे जातो आणि कुठे जात नाही हे कशावरून ठरतं ते बघितलं पाहिजे. माझं मत असं झालंय की इफेक्ट किती वाईट बिघडलाय यावर त्याची दुरुस्ती फारशी अवलंबून नसतेच. त्याच्यावाचून राइड चालवता येते का, हा खरा प्रश्न. येत असेल तर तो इफेक्ट वर्षानुवर्षं लटकतो, मग तो कितीही महागडा असो. यती हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे, अक्षरशः मोठं.

राइडमध्ये काय होतं

ज्यांनी व्हिडिओसुद्धा बघितला नसेल त्यांच्यासाठी पटकन सांगतो. गोष्ट अशी आहे की तुम्ही हिमालयातल्या एका काल्पनिक गावातून चहाच्या मळ्यांच्या जुन्या रेल्वेगाडीने एव्हरेस्टच्या पायथ्याकडे निघालाय, मध्ये एक निषिद्ध डोंगर आहे आणि त्याचा राखणदार म्हणजे यती. रांगेतच यतीचं आख्खं म्युझियम उभं केलंय, पावलांचे ठसे वगैरे, जेणेकरून गाडीत बसेपर्यंत तुमच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहावी. गाडी वर चढते, तिथे रूळ उखडून वाकवलेले दिसतात, गाडी थांबते आणि अंधारात उलटी घसरत जाते, मग पुन्हा थांबते आणि भिंतीवर यतीची सावली रूळ उपटताना दिसते. त्यानंतर सरळ बाहेर, ८० फुटांचा उतार, ताशी ५० मैलांपर्यंतचा वेग, दोनतीन वळसे आणि परत डोंगराच्या पोटात. तिथे स्वतः यती.

आता हे बघा, की सावली दाखवून झाली, म्युझियम झालं, उखडलेले रूळ झाले, म्हणजे सगळी गोष्ट एकाच भेटीकडे ढकलत नेलेली आहे, आणि ती भेट टिकते जेमतेम दोनतीन सेकंद. गाडी त्याच्या खालून निघूनही जाते. एवढ्या दोनतीन सेकंदांसाठी काय काय बांधलं होतं ते पुढे येतंच, पण या सेकंदांचा हिशोब लक्षात ठेवा, कारण निर्णय घेणाऱ्यांच्याही तो लक्षात असणार.

राइडचा एकूण खर्च १० कोटी डॉलर असल्याचं तेव्हा छापून आलं होतं आणि गिनीजमध्येही जगातला सगळ्यात महागडा रोलरकोस्टर म्हणून त्याची नोंद झाली होती. डोंगराची उंची १९९.५ फूट. हा अर्धा फूट उगाच नाही सोडलेला, अमेरिकेत २०० फुटांच्या पुढे गेलं की विमानांसाठी लाल दिवा वगैरे लावायचा नियम येतो आणि हिमालयाच्या शिखरावर लाल दिवा कसा दिसेल ते तुम्हीच ठरवा. डोंगराच्या सांगाड्यात १,८०० टन स्टील आहे. क्रिएटिव्ह प्रमुख होते जो रोडी, ॲनिमल किंगडमचं सगळं डिझाइन ज्यांच्या नावावर आहे ते, एका कानात भलामोठा डूल घालणारे.

यती नावाचं मशीन

यतीबद्दल डिस्नेनं त्या वेळी मोठ्या हौसेनं आकडे दिले होते. उंची साधारण २५ फूट. कातडं सुमारे १,००० चौरस फूट, ते अंगावर बसवायला १,००० टिचबटणं आणि २५० चेनी. तो आडवा ५ फूट सरकू शकायचा आणि उभा १८ इंच. आणि आतल्या सगळ्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरची मिळून ताकद २,५९,००० पाउंड, एका जम्बो जेटच्या इंजिनांपेक्षा जास्त, अशी जाहिरात. किलोमध्ये केलं तर सुमारे ११७ टन भरतात. अर्थात ही सगळे सिलिंडर एकदम पूर्ण जोर लावतील तेव्हाची बेरीज आहे, प्रत्येक झडपेला ११७ टन बाहेर पडायचे असं नाही, जाहिरातीचा आकडा जाहिरातीसारखाच वाचायचा. तरीपण हे खेळणं नव्हतं हे कळायला तो पुरेसा आहे.

हायड्रॉलिक का, असं कुणी विचारेल. तर हलणाऱ्या पुतळ्यांची ही जुनी परंपरा आहे. डिस्नेलँडमधल्या १९६३ च्या एन्चँटेड टिकी रूम या शोमधले पक्षी हवेच्या दाबावर चालायचे, कारण चोच उघडायला फार जोर लागत नाही. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लिंकनचा पुतळा खुर्चीतून उठवायचा होता, तिथे माणसाएवढं वजन उचलायचं म्हणून तेलाचा दाब आला. तेव्हापासून वजन जास्त आणि हालचाल झटकेदार हवी असेल तर तेल, असं साधारण गणित होतं. हवा दाबली की आकसते, तेल जवळपास आकसत नाही, त्यामुळे जोरही मिळतो आणि हालचालीवर ताबाही राहतो. २००५-०६ मध्ये २५ फुटी जनावराला झटका द्यायचा तर दुसरा सोयीचा मार्ग जवळपास नव्हताच.

पण तेलाचे नखरे असतात. सील झिजतात, तेल गळतं, कातड्यावर डाग पडतात, नळ्या कडक होतात, तेल गरम होतं. या सगळ्याला रोज रात्री माणसं लागतात. पार्क बंद झाल्यावर मेन्टेनन्सवाले येतात आणि सकाळी उघडायच्या आत त्यांना बाहेर पडावं लागतं, मधल्या तासांत रूळ, ब्रेक, चाकं, सीटचे बार हे सगळं आधी तपासायचं असतं कारण ते माणसाच्या जिवाशी निगडित, आणि उरलेल्या वेळात इफेक्ट. बहुतेक राइडमधले बहुतेक इफेक्ट असेच मरतात. कुठे सेन्सर गेला, कुठे व्हॉल्व्ह अडकला, कुठे प्रोजेक्टर दोन अंश सरकला, कारंज्याच्या नोझलमध्ये क्षार बसले. पार्ट येईपर्यंत बंद ठेवतात, पार्ट येतो, चालू होतो, नाहीतर पुढच्या मोठ्या दुरुस्तीच्या यादीत जातो. ही मरणं कंटाळवाणी आहेत आणि त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. यतीचं तसं नाही झालं.

बिघाड मशीनच्या खाली

२०१३ च्या डी २३ एक्स्पोमध्ये, म्हणजे डिस्नेच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, रोडींना लोकांनी विचारलंच, यतीचं काय. त्यांनी तिथे सांगितलं ते साधारण असं की हे एक अवाढव्य गुंतागुंतीचं मशीन आहे, ते ४६ फूट उंच टॉवरच्या डोक्यावर बसलंय आणि तो टॉवर एका पूर्ण बांधून झालेल्या इमारतीच्या मधोमध आहे, त्यामुळे दुरुस्त करणं खूप अवघड आहे, बऱ्याच गोष्टी करून बघितल्या पण मुळाशी पोचता आलं नाही, आणि मी कधीतरी हा यती नक्की दुरुस्त करीन. शेवटचं वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं, पण इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं खरी बातमी आधीच्या वाक्यात आहे. मशीन, टॉवर, आणि बांधून झालेली इमारत.

शौकिनांमध्ये फ्रेम फाटली, फाउंडेशनला तडा गेला, सॉफ्टवेअरनं चुकीचं गणित केलं अशा अनेक कहाण्या फिरत असतात, प्रत्येकाचा एक ओळखीचा माणूस आत कामाला असतो. मी त्यांच्या नादी लागत नाही कारण त्यांची गरजच नाही. डिझायनरनं जाहीरपणे सांगितलेल्या तीन गोष्टींवरूनच पुष्कळ कळतं.

एवढं वजन ५ फूट झटक्यात पुढे फेकायचं आणि थांबवायचं, तर जेवढा जोर यतीला पुढे ढकलतो तेवढाच उलटा जोर टॉवरला मागे ढकलतो. उंच स्टुलावर उभं राहून भिंतीला ड्रिल लावलं की स्टूल मागे सरकायला बघतं, तसंच. आता तो उलटा धक्का जमिनीपासून ४६ फुटांवर लागतोय, त्यामुळे टॉवरच्या बुडाशी त्याला वाकवणारा जो ताण येतो तो धक्का गुणिले उंची एवढा. उंची दुप्पट तर हा ताण दुप्पट. आणि सुरुवातीच्या धक्क्यापेक्षा थांबतानाचा धक्का बऱ्याचदा वाईट असतो, कारण झडप खरी वाटायची तर यतीनं हळूहळू थांबून चालत नाही, जनावर जसं झेपावून एकदम आवरतं तसं आवरायला हवं. म्हणजे इफेक्ट जितका भारी, तितका टॉवरला मार जास्त. यात डिझायनरचा आणि टॉवरचा स्वार्थ बरोबर उलटा आहे.

शिवाय हे एकदा करायचं नाहीये. माझं ढोबळ गणित, मिनिटाला एक गाडी आणि दिवसाला दहा तास धरले तर दिवसाला ६०० झडपा, वर्षाला दोन लाखांच्या वर. स्टीलला एकदा जोरात मारलं तर ते सहन करतं, पण त्याहून बऱ्याच कमी जोरानं लाखो वेळा मारलं तर वेल्डपाशी, बोल्टच्या भोकापाशी बारीक चीर सुरू होते आणि प्रत्येक धक्क्याला केसभर पुढे सरकते. त्याला इंजिनिअर फटीग म्हणतात. काँक्रीटमध्ये गाडलेले अँकर बोल्टसुद्धा उलटसुलट ओढाताणीनं ढिले होतात, आणि एकदा का थोडी ढिलाई आली की पुढचा प्रत्येक धक्का जास्त जोरात आदळतो. मोठ्या पुलांवर, विमानांच्या पंखांवर यासाठी नेमानं तपासणी असते, तिथे हात पोचतो, चीर दिसते, बदलता येते. इथे हात कुठून पोचणार, आजूबाजूला डोंगर.

आता या केसमधली मला सगळ्यात रंजक वाटलेली गोष्ट. बांधताना तीन सांगाडे वेगळे ठेवले होते, कोस्टरच्या रुळांचा वेगळा, डोंगराचा वेगळा, यतीचा वेगळा, तिन्ही एकाच पोकळीत एकमेकांतून जातात पण भार आपापला आपण जमिनीत नेतात. हा निर्णय हुशारीचाच होता. गाडीच्या कंपनांनी डोंगराचा गिलावा तडकू नये, यतीच्या धक्क्यांनी रूळ हलू नयेत. पण त्याचा दुसरा अर्थ असाही होतो की यतीच्या टॉवरला आजूबाजूच्या १,८०० टन स्टीलचा काडीचाही आधार नाही, त्याचे सगळे धक्के त्यानं एकट्यानं झेलायचे. मला वाटतं, आणि हा माझा तर्क आहे, की यतीचं नशीब या एका निर्णयानं दोन्हीकडून ठरवलं. वेगळा सांगाडा असल्यामुळे मार एकट्याला पडला, आणि वेगळा सांगाडा असल्यामुळेच तो लॉक करून ठेवल्यावर राइड बिनधोक चालत राहिली. समजा रूळ आणि यती एकाच सांगाड्यावर असते, तर बिघाड झाल्याबरोबर आख्खी राइड बंद ठेवावी लागली असती आणि मग, माझी खात्री आहे, तो बिघाड कधीच दुरुस्त झाला असता.

बी मोड म्हणजे काय

मोठ्या राइडमध्ये दोन वेगळे मेंदू असतात. एक राइड कंट्रोल, जो गाड्यांमधलं अंतर, ब्रेक, रूळ बदलणं हे बघतो, त्याच्याशी कुणी मस्करी करत नाही. दुसरा शो कंट्रोल, जो आवाज, लाइट, पुतळे बघतो. शो कंट्रोलवाली एखादी गोष्ट बिघडली की राइड थांबवायची नाही, तिच्या जागी कमी प्रतीचा पण चालू शकणारा पर्याय लावायचा, त्याला बी मोड म्हणतात. जो पूर्ण ठरल्याप्रमाणे चालतो तो ए मोड. अपवाद एवढाच की इफेक्ट जर गाडीच्या वाटेत येऊ शकत असेल तर त्याचा संबंध राइड कंट्रोलशीही येतो, कारण तो चुकीच्या जागी अडकला तर गाडी सोडता येत नाही. यतीचा हात गाडीच्या डोक्यावर खाली यायचा. ज्याच्या पायाची खात्री नाही असं एवढं मोठं धूड लोकांच्या डोक्यावर हलवत ठेवायचं का, याला एकच उत्तर आहे आणि ते कुठल्याही पार्कनं तेच दिलं असतं. त्यामुळे यती लॉक केला याबद्दल मी कंपनीला एक शब्दही बोलणार नाही.

लॉक केल्यावर मग स्ट्रोब लाइट, म्हणजे झपझप लुकलुकणारा दिवा, आला. अंधारात स्ट्रोब चमकला की प्रत्येक चमकीत डोळ्याला एक गोठलेलं चित्र मिळतं, दोन चमकींच्या मध्ये गाडी पुढे गेलेली असते म्हणून पुढचं चित्र थोड्या वेगळ्या कोनातून दिसतं, आणि मेंदू ही चित्रं जोडून त्यातून हालचाल तयार करतो. म्हणजे हलताय तुम्ही, आणि हलल्यासारखा वाटतोय यती. युक्ती म्हणून ती वाईट नाहीये खरं सांगायचं तर. ज्यांना माहीत नाही त्यांना एक भयंकर थोबाड आणि वर उचललेला हात दिसतो, लोक किंचाळतात, गाडी बाहेर पडते. फक्त ज्यांनी पहिल्या दिवसांतला झेपावणारा यती बघितलाय, किंवा त्याचे व्हिडिओ, त्यांना ती लबाडी दिसते.

आणि इथेच गोम आहे. ज्यानं यतीला हलताना बघितलंच नाही त्याला काय गेलंय ते कळत नाही. पार्कात येणाऱ्यांत पहिल्यांदा येणारे किंवा कित्येक वर्षांनी येणारे भरपूर असतात, त्यांच्या दृष्टीनं राइड पूर्ण आहे. म्हणजे बी मोडनं तक्रारच जवळपास पुसून टाकली. उलट दुरुस्तीसाठी राइड कित्येक महिने बंद ठेवली तर रोज हजारो लोक फाटकासमोर उभे राहून विचारणार, आणि ज्या पार्कात मोठ्या थराराच्या राइड मोजक्याच आहेत तिथे ती गर्दी दुसरीकडे जिरवायला जागाही नाही. एका पारड्यात दोनतीन सेकंद, दुसऱ्या पारड्यात आख्खी राइड. मेन्टेनन्सचा प्रमुख कितीही यतीप्रेमी असला तरी मीटिंगमध्ये हे पारडं उलटं करून दाखवणं त्याला जमणार नाही.

जानेवारी २०२२ मध्ये राइड खरंच बंद झाली, एप्रिलपर्यंत. सगळ्यांना वाटलं आता झालं. उघडली तेव्हा यती होता तसाच. त्याच्या आधीच, २०२१ च्या सुरुवातीला, रोडी डिस्नेमधून रिटायर झाले होते. यावर लोक अजून चिडतात, पण मला त्यात आश्चर्य वाटलं नाही, कारण तीन-चार महिन्यांत रूळ, गाड्या, रंग, यंत्रणा यांची कामं होतात. डोंगर उघडून आतला टॉवर बाहेर काढणं हे वेगळंच काम आहे, तिथे क्रेनच आत जात नाही, टॉवर आधी उभा राहिला आणि डोंगर त्याच्या भोवती चढला.

हे फक्त यतीचं आहे का

एकाच केसवरून नियम काढणं बरोबर नाही, म्हणून दोन जुन्या गोष्टी शेजारी ठेवून बघतो.

पहिली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची. हॉन्टेड मॅन्शन ऑगस्ट १९६९ मध्ये उघडलं, त्यात हॅटबॉक्स घोस्ट नावाचं एक भूत होतं, हातात टोपीचा डबा घेतलेलं. त्याचं डोकं खांद्यावरून गायब व्हायचं आणि डब्यात दिसायचं, अशी योजना. वर्कशॉपमध्ये ते छान दिसलं, प्रत्यक्ष जागेवर बसवल्यावर आजूबाजूचा उजेड जास्त आणि लोकांच्या गाड्या फार जवळून जाणाऱ्या, त्यामुळे खांद्यावरचं डोकं पूर्ण गायबच होईना. थोड्याच काळात ते काढून टाकलं. राइडला काही फरक पडला नाही, भुतांची कमी नव्हती. ते परत आलं मे २०१५ मध्ये, डिस्नेलँडच्या साठाव्या वर्षाच्या निमित्तानं, नव्या तंत्रानं. म्हणजे ४५ वर्षांच्या वर गेली, एका छोट्याशा पुतळ्यासाठी, ज्याला ना ४६ फुटी टॉवर होता ना ११७ टनांचा जोर. इथे बिघाड तसा किरकोळच. पण त्याच्यावाचून अडत नव्हतं.

दुसरी याच्या बरोबर उलट. युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा ७ जून १९९० ला उघडलं, त्यात जॉज ही बोटीची राइड होती. पाण्यातून भलामोठा यांत्रिक शार्क बोटीवर येणार, बोट धरून फिरवणार, असले जबरदस्त प्रकार. पाण्याखाली मशीन, बोटीशी सेकंदाचा मेळ, आणि ते सतत बंद पडायचं. इथे शार्क काढून राइड चालवता येत नव्हती, शार्क म्हणजेच राइड. शार्क अडकला की बोटी अडकल्या. मग काय झालं? राइड त्याच वर्षी बंद केली, युनिव्हर्सलनं मूळ डिझाइन करणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं, सगळं नव्यानं बांधून घेतलं, सगळ्यात त्रासदायक सीन बदलून टाकले आणि १९९३ मध्ये पुन्हा उघडलं. नंतर ती २ जानेवारी २०१२ पर्यंत चालली. खर्चाचा, कंजूषपणाचा प्रश्न तिथेही होताच की, पण पर्याय नव्हता म्हणून पैसे निघाले. बिघाड शार्कचा यतीपेक्षा साधा होता असं अजिबात नाही, पाण्याखालचं मशीन हा तर शापच आहे.

कुणी म्हणेल एवढं मोठं जनावर हलवायचा हट्टच चुकीचा होता. तसंही नाही. युनिव्हर्सलच्या हॉलिवूडमधल्या टूरमध्ये १९८६ पासून ३० फुटी किंग काँग होता, बॉब गर यांनी डिझाइन केलेला, आणि तो २००८ च्या आगीत जळेपर्यंत लोकांना घाबरवत होता. मोठं असणं हा गुन्हा नाही. मोठं असून उंच टॉवरवर, बंद डोंगराच्या आत, आणि झटक्यात पुढे झेपावणारं असणं, हे सगळं एकत्र आलं ते जड गेलं.

यतीचं आता काय करता येईल

तीन रस्ते दिसतात. एक म्हणजे डोंगर एका बाजूनं उघडायचा, टॉवर नवा करायचा, यती पूर्वीसारखा हलवायचा. हे ऐकायला सगळ्यात छान आणि होण्याची शक्यता सगळ्यात कमी, वरचं पारडं बघितलं की कळतं. दुसरा, पुतळा काढून किंवा झाकून तिथे स्क्रीन किंवा प्रोजेक्शन लावायचं. स्वस्त पडेल, रात्रीच्या शिफ्टमध्ये सांभाळता येईल, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट दिसेल, कारण सावलीचा प्रोजेक्शनवाला सीन राइडमध्ये आधीच येऊन गेलाय, त्याच्या पुढे खरं धूडच हवं, नाहीतर आधीच्या सीनला अर्थच राहत नाही.

तिसरा रस्ता मला पटतो. टॉवरला मार पडतो तो आख्खं धड ५ फूट फेकण्यामुळे. ती हालचाल सोडून द्यायची, कायमची. धड आहे तिथे घट्ट बसवायचं आणि फक्त मान, जबडा आणि एक हात हलवायचा, तोसुद्धा हलका नवीन बनवून, तेलाऐवजी इलेक्ट्रिक मोटरवर. २००६ नंतर इलेक्ट्रिक पुतळे खूप पुढे गेलेत, तेल गळायचा प्रश्न नाही, हालचाल जास्त सफाईदार, आणि मुख्य म्हणजे थांबतानाचा झटका सॉफ्टवेअरमधून हवा तेवढा गुळगुळीत करता येतो. माणूस खालून, अंधारात, दोनतीन सेकंद बघणार आहे. हात खाली आला आणि तोंड आपल्याकडे वळलं एवढं जरी दिसलं तरी धड सरकलं का नाही हे कुणी मोजत बसणार नाही. उलटा धक्का पूर्वीच्या तुलनेत फारच कमी होईल. अडचण एकच उरते, नव्या हाताचे तुकडे आत न्यायचे कुठून, आणि त्याला उत्तर बहुतेक गाडी येते-जाते तोच बोगदा. म्हणजे रुळांवरून, रात्री, तुकड्या तुकड्यांनी, आणि प्रत्येक सकाळी गाड्या सुटायच्या आधी बोगदा पूर्ण मोकळा करून.